अंडी घटली, मर नाही: विषाणू कुठे आणि कसा शोधायचा?

वाचकांचे प्रश्न, तज्ज्ञांची उत्तरे: लेअर कुक्कुटपालन

प्रश्न: १०,००० पांढऱ्या अंड्यांच्या लेअर (अंड्यांसाठी पाळलेल्या कोंबड्या) आहेत, वय ३४ आठवडे. आठवडाभरात उत्पादन ९३ टक्क्यांवरून ८६ वर आलं. मर वाढलेली नाही, खाद्य नेहमीसारखं खातात. मऊ आणि बिनकवचाची अंडी दिसतात. ईडीएसची (एग ड्रॉप सिंड्रोम, अंडी घटवणारा विषाणूजन्य रोग) लस दिलेली नाही. अंड्याचा रंग फिका पडला तर ईडीएस समजावा असं वाचलं, पण आमची अंडी मुळात पांढरीच. मग ओळखायचं कसं? (मिरज)

रंगाचं लक्षण तपकिरी अंड्यांच्या कोंबड्यांचं आहे. आपल्याकडे बहुतेक शेडमध्ये पांढऱ्या अंड्यांच्या लेअर असल्याने ही पहिली घंटा आपल्याला ऐकूच येत नाही. थेट दुसरी पायरी दिसते: पातळ कवच, खरखरीत टोक, मऊ अंडं.

सात टक्के म्हणजे तुमच्याकडे रोजची ७०० अंडी, २३ ट्रे. आधी तीन दिवसांची सरासरी काढा. गोळा करण्याची वेळ तासभर पुढेमागे झाली तरी एका दिवसाचा आकडा हलतो. मग दिव्यांचा टायमर, पाण्याची लाइन आणि खाद्यातला कॅल्शियम तपासा. लेअर खाद्यात तो साधारण ४ टक्के लागतो. इथे एक खूण उपयोगी पडते. खाद्यात चूक असेल तर ते खाद्य खाणाऱ्या सगळ्या रांगा एकदमच बिघडतात. विषाणू मात्र एका कोपऱ्यातून सुरू होऊन रांगेरांगेने सरकतो. पिंजऱ्यात ईडीएस फार हळू पसरतो, पूर्ण शेड व्यापायला दहा-अकरा आठवडेही लागू शकतात. म्हणून शेडचा एकच आकडा न लिहिता रांगनिहाय नोंद ठेवा.

खराब अंडी मोजताना फक्त ट्रेकडे पाहू नका. बिनकवचाचं अंडं जाळीतून खाली पडतं किंवा कोंबड्याच खाऊन टाकतात. सकाळी टॉर्च घेऊन पिंजऱ्याखालच्या विष्ठेवर पाहा, सुरकुतलेली पातळ पिशवी पडलेली दिसेल. ती जिथे सापडेल त्या पिंजऱ्याला खडूने खूण करा. रक्त याच पिंजऱ्यांतल्या कोंबड्यांचं घ्यायचं. लांबच्या निरोगी रांगेतलं रक्त घेतलं आणि अहवाल निगेटिव्ह आला, तर त्याचा अर्थ काहीच लागत नाही.

मग दहा खराब आणि दहा चांगली अंडी काचेवर फोडा. पांढरा बलक पाण्यासारखा पसरत असेल तर संशय आयबीकडे, म्हणजे संसर्गजन्य ब्रॉन्कायटिसकडे वळवा. ईडीएसमध्ये कवच बिघडतं, आतला बलक सहसा ठीक असतो.

लस दिलेली नाही, त्यामुळे तुमचं काम सोपं आहे. एचआय चाचणीत (रक्तातले प्रतिपिंड, म्हणजे अँटिबॉडी, मोजणारी चाचणी) ईडीएसचे प्रतिपिंड आढळले तर ते प्रत्यक्ष लागण झाल्यामुळेच. सोबत खराब अंडी देणाऱ्या दोन-तीन कोंबड्यांच्या कवचग्रंथीचा नमुना पशुवैद्यकाकडून पीसीआरसाठी (विषाणूचं जनुकीय द्रव्य शोधणारी चाचणी) पाठवा. तळ्याचं किंवा कालव्याचं पाणी थेट वापरत असाल तर तेही कळवा. हा विषाणू मूळचा बदकांचा आहे.

प्रश्न: रानीखेतचा (कोंबड्यांचा विषाणूजन्य रोग) एचआय अहवाल आला. सरासरी टायटर (प्रतिपिंडांची पातळी) ६.७. लॅबवाले म्हणतात बरा आहे, आमचे सल्लागार म्हणतात लासोटा (रानीखेतची पाण्यातून द्यायची लस) पुन्हा द्या. कोणाचं ऐकावं? (सिन्नर)

सरासरी बाजूला ठेवा, एकेक आकडा वाचा. तुम्ही पाठवलेल्या अहवालात दहा कोंबड्यांचे टायटर असे आहेत: ८, ८, ९, ८, ३, २, ९, ८, ३, ९. म्हणजे सात कोंबड्या उत्तम आणि तिघी जवळजवळ उघड्यावर. ६.७ टायटरची कोंबडी तुमच्या शेडमध्ये एकही नाही! ३-४ टायटरवर कोंबडी मरणातून वाचू शकते, पण अंडी वाचवायला त्याहून बरंच वर असावं लागतं.

अशी दोन गटांत फाटलेली यादी बहुधा लस न पोहोचल्याची असते. त्या तिघी कोणत्या रांगेतल्या ते बघा. पाण्याच्या लाइनच्या शेवटच्या निपलांवरच्या (पाणी पिण्याच्या तोट्यांवरच्या) असतील तर लस तिथे जाईपर्यंत संपली किंवा मेली. टाकीत क्लोरीन राहिलं होतं का? लसीच्या पाण्यात लिटरला अडीच ग्रॅम स्किम्ड दूध पावडर घातली होती का? दोन तासांत पाणी संपलं का? हे न तपासता पुन्हा लासोटा दिली तर त्याच सात जणी पुन्हा पितील.

दहा नमुनेही कमीच. टायटर पाहायला वीसेक घ्या, शेडच्या सुरुवातीचे, मधले, टोकाचे, वरच्या-खालच्या मजल्यांचे. रोग आहे का ते शोधायचं असेल तर ३० घ्या. दहा टक्के कोंबड्यांत लागण असेल तर ३० नमुन्यांत ती ९५ टक्के खात्रीने सापडते. लागण एक टक्काच असेल तर सुमारे ३०० नमुने लागतील, म्हणून ३० निगेटिव्ह म्हणजे शेड स्वच्छ असं समजू नये.

आणि अंडी घटत असताना एकदाच घेतलेला टायटर फारसं काही सांगत नाही, कारण लस आणि रोग दोन्ही सारखेच प्रतिपिंड तयार करतात. पहिलं रक्त घट दिसताच, दुसरं १४ ते २१ दिवसांनी, त्याच खूण केलेल्या कोंबड्यांचं. पहिलं सिरम (रक्त गोठल्यावर सुटणारं पिवळट पाणी) उणे २० अंशांवर राखून ठेवा आणि दोन्ही एकाच दिवशी, एकाच अँटिजेनवर (चाचणीत वापरायच्या विषाणू-द्रव्यावर) तपासून घ्या. मधे लस न देता टायटर दोन किंवा अधिक पायऱ्यांनी, म्हणजे किमान चौपट (एक पायरी म्हणजे दुप्पट), चढला तर रोग येऊन गेला. मधे लासोटा पाजली असेल तर हा पुरावा गेला.

प्रश्न: सिरमचे नमुने "लाल, चाचणीस अयोग्य" म्हणून परत आले. काय चुकलं? (विटा)

रक्तपेशी फुटल्या. पंखाखालच्या शिरेतून दीड-दोन मिली रक्त हळू ओढा. नळीत सोडताना सुई काढून मगच सोडा. सुईतून जोराने ढकललेलं रक्त हमखास फुटतं. नळी आडवी-तिरकी ठेवून सावलीत एक-दोन तास गोठू द्या. लगेच बर्फात घातली तर गुठळी आकसत नाही आणि सिरम सुटत नाही. सिरम दुसऱ्या नळीत काढल्यावरच थंड करायचं. गुठळीसकट डीप फ्रीजमध्ये ठेवलेली नळी फेकूनच द्यावी लागते. अंड्यावरच्या कोंबडीचं सिरम पिवळट, जरा दुधाळ दिसतं. ते नासलेलं नसतं. नावं पेन्सिलने लिहा, बर्फाच्या पाण्यात शाई पुसते.

प्रश्न: घशाच्या स्वॅबचा पीसीआर रानीखेतला पॉझिटिव्ह आला. शेड विकून टाकू का? (बारामती)

आधी लसीची तारीख सांगा. गेल्या दोन-तीन आठवड्यांत लासोटा दिली असेल तर पीसीआरने लसीचाच विषाणू पकडला असण्याची दाट शक्यता आहे. विषाणू जहाल आहे की लसीचा, हे लॅबला एफ जनुकाच्या सिक्वेन्सवरून सांगता येतं; तेवढी मागणी लेखी करा. आयबीच्या पीसीआरमध्येही असाच लसीचा विषाणू सापडू शकतो. पुढच्या वेळी नमुन्याच्या चिठ्ठीवर कोंबड्यांचं वय, शेवटची लस आणि तिचा दिनांक, घट कधी सुरू झाली, हे तिन्ही लिहा. कापसाच्या लाकडी काडीऐवजी पॉलिस्टरचा स्वॅब वापरा.

प्रश्न: एका रात्रीत ६० कोंबड्या मेल्या, तुरे निळे, पायांवर लाल डाग. शवविच्छेदन फार्मवर करावं का? (नवापूर परिसर)

अजिबात नाही. ही लक्षणं बर्ड फ्लूची असू शकतात. एकही कोंबडी फाडू नका, विकू नका, शेडमधून बाहेर काढू नका. आजच पशुधन विकास अधिकाऱ्यांना कळवा. बर्ड फ्लूचा संशय कळवणं २००९ च्या प्राण्यांमधील संसर्गजन्य रोग प्रतिबंधक कायद्याने बंधनकारक आहे. नमुने पशुसंवर्धन विभागच घेतो. निदानाचा शेवटचा शब्द भोपाळच्या राष्ट्रीय उच्च सुरक्षा पशुरोग संस्थेचा. तुमच्या भागाने २००६ आणि २०२१ अशी दोनदा ही वेळ पाहिली आहे. अहवाल येईपर्यंत अंड्यांचे ट्रे, खाद्याच्या गोण्या आणि गाड्या आत-बाहेर करू नका, आणि त्या शेडचा कामगार दुसऱ्या शेडमध्ये जाऊ देऊ नका.