मास्कमध्ये पाणी आलं की जीव घाबरा होतो

प्रश्न : दादा, नमस्कार. माझं वय ४३, चिपळूणला शाळेत शिकवते. पोहायला चाळिशीत शिकले, पण बऱ्यापैकी पोहते. दिवाळीच्या सुट्टीत तारकर्लीला नवशिक्यांचा स्कूबाचा कोर्स करायला गेले. पहिले दोन तास मजेत गेले. मग छातीभर पाण्यात गुडघ्यांवर बसवून प्रशिक्षकांनी खूण केली, डोळे-नाक झाकणाऱ्या काचेच्या मास्कमध्ये अर्धं पाणी घ्या आणि नाकाने फुंकून बाहेर काढा. पाणी नाकाला लागलं आणि मी नाकाने श्वास ओढला. ठसका लागला, तोंडातलं रेग्युलेटर, म्हणजे सिलिंडरची हवा देणारं साधन, काढून फेकलं आणि उभी राहिले. असं पाच वेळा झालं. प्रशिक्षक म्हणत होते, ‘सोपं आहे मॅडम, होईल.’ सगळ्यांना जमलं, मलाच नाही. कोर्स अर्धा टाकून आले. आता आंघोळीला तोंडावर तांब्या ओतला तरी छातीत धडधडतं. हे वयामुळे होतं का? खाऱ्या पाण्यात याहून जास्त झोंबेल का? मी कॉन्टॅक्ट लेन्स वापरते, त्याचं काय? की हा नाद सोडून द्यावा?

उत्तर : ताई, ‘सगळ्यांना जमलं, मलाच नाही’ हे वाक्य मी दोनदा वाचलं. कारण अठरा वर्षांपूर्वी ते माझं होतं. मी मालवणच्या दांडीचा, रापणकरांच्या, म्हणजे किनाऱ्यावरून जाळं ओढणाऱ्या मच्छीमारांच्या घरातला. आम्ही पोरं होडीवरून बुडी मारून तळाची वाळू मुठीत आणून दाखवायची पैज मारायचो. असा माणूस प्रशिक्षणाला गेला आणि कमरेएवढ्या पाण्यात, मुंबई-पुण्याच्या मुलांसमोर, तुमच्यासारखाच खोकत उभा राहिला. तीनदा. लाजेने जेवलो नाही त्या दुपारी.

पुढे कळलं की माझी अडचण त्या पैजांमुळेच होती. बुडी मारणाऱ्या शरीराला एकच धडा पाठ असतो: नाक ओलं झालं की श्वास बंद. हा धडा कोणी शिकवावा लागत नाही. चेहऱ्यावर, विशेषतः नाकाभोवती, गार पाणी लागलं की श्वास आपोआप कोंडला जातो, हृदयाचे ठोकेही मंदावतात. सगळ्या माणसांत हे उपजत असतं. स्कूबात त्याच्या नेमकं उलट करायचं असतं: नाक पाण्यात आणि श्वास चालू. कोंडलेला श्वास शेवटी सुटतो तेव्हा तो रोजच्या वाटेने, म्हणजे नाकातून आत जातो. मग ठसका. वयाचा यात काही संबंध नाही. माझ्याकडे वीस वर्षांची पोरं यावर अडतात आणि साठीच्या आजी पहिल्या फटक्यात करून दाखवतात.

म्हणून माझं म्हणणं असं की तुम्हाला मास्क रिकामा करणं जमत नाही, हे निदानच चुकलंय. तुम्हाला ओल्या नाकाने तोंडातून श्वास घेणं अजून जमलेलं नाही. ते आधी शिकायचं, मास्कचं नंतर. तुमच्या प्रशिक्षकांनी क्रम उलटा लावला आणि घाई केली, असं मला पत्रावरून वाटतं. पाच वेळा तेच करून घ्यायला नको होतं. प्रत्येक वेळी भीतीच पक्की होते.

मला ज्याने शिकवलं तो आमच्यातलाच एक म्हातारा पाणबुड्या. सकाळी सातला मला मालवणातल्या चिवल्याच्या किनाऱ्यावर घेऊन गेला. पाणी कमरेला. रेग्युलेटर तोंडात, मास्क त्याने काढून स्वतःच्या मनगटाला अडकवला आणि मला म्हणाला, खाली बस. मी विचारलं, बसून काय करायचं? ‘कायेक करू नको.’ दहा मिनिटं मी डोळे मिटून, उघड्या नाकाने पाण्यात बसलो. पहिली दोन मिनिटं वाईट गेली. मग लक्षात आलं की नाकात पाणी असतं, पण ते आपण ओढल्याशिवाय आत येत नाही. नाकपुडीच्या तोंडाशी थांबून राहतं, पाहुणा ओट्यावर बसावा तसं. बुडबुडे कानांजवळून वर जात होते, तेवढाच आवाज. त्या दिवशी मास्कला हातही लावू दिला नाही त्याने.

तुम्हाला यासाठी चिवल्याला यायची गरज नाही. घरी घंगाळ असेल तर उत्तम, नाहीतर पसरट टब घ्या. एक साधं स्नॉर्कल, म्हणजे तोंडात धरून श्वास घ्यायची वाकडी नळी, विकत घ्या. कोमट पाणी भरा, स्नॉर्कल तोंडात धरा आणि मास्क न लावता चेहरा पाण्यात बुडवा. तोंडाने आत, तोंडाने बाहेर. पहिल्या दिवशी दहा श्वास झाले तरी पुरे. धडधडलं की मान वर काढायची. इथे कोणी बघत नाही, फार तर घरचं कोणी हसेल. घरात कोणीतरी असताना करा एवढंच. चार-पाच दिवसांनी तोंडाने आत आणि नाकाने बाहेर सुरू करा. मग कोमट पाण्याऐवजी साधं गार पाणी, कारण खरी दचक गार पाण्याचीच असते. सलग तीन-चार मिनिटं कंटाळा येईपर्यंत जमलं की पुढे जा. कंटाळा आला म्हणजे भीती गेली, ही माझी मोजपट्टी.

आता मास्क. पालथा तांब्या हौदात सरळ खाली दाबला तर आत हवा राहते, पाणी शिरत नाही, हे तुम्ही वर्गात मुलांना दाखवलं असेल. मास्कचंही तेच आहे. नाकातून सोडलेली हवा वर चढून काचेमागे साठते आणि पाण्याला खाली ढकलते. वरची कड घट्ट बसलेली असली की पाण्याला खालच्या कडेशिवाय वाट नाही. म्हणून बोटांनी वरची कड कपाळावर दाबायची. नवशिके घाबरून खालची दाबतात. मग हवा वरून निसटते आणि पाणी जिथल्या तिथे राहतं.

मान कधी वर करायची, याकडे कोणी लक्ष देत नाही. भरलेला मास्क घेऊन आधीच वर पाहिलंत तर पाणी थेट नाकपुड्यांत उतरतं. नजर समोर ठेवूनच तोंडाने श्वास घ्या, नाकाने सोडायला सुरुवात करा आणि हवा निघू लागली की हनुवटी हळूच वर करा. सोडायचं म्हणजे शिंकरायचं नाही. जोरात फुंकलं की मास्कची कड उचलली जाते आणि हवा बाजूने पळते. भ्रामरी प्राणायाम केलाय का कधी? तोंड मिटून जो ‘म्म्म’ करतो, तो नाकातूनच निघतो. रेग्युलेटर दातांत धरून तसाच लांब गुंजारव करा. गुणगुणताना नाकाने श्वास आत ओढता येत नाही, हा त्यातला मोठा फायदा. डोळे उघडे असतील तर काचेवर पाण्याची रेघ उतरताना दिसते: भुवया, पापण्या, नाकाचा शेंडा, मग गायब. थोडं उरलं तर उरू द्या. तोंडाने सावकाश श्वास घ्या आणि पुन्हा एकदा म्म्म.

सुरुवात अर्ध्या मास्कने नको. कड किंचित सैल करून चमचाभर पाणी घ्या, नाकाच्या खालीच राहील एवढं. ते काढा. मग दोन चमचे. प्रशिक्षकांना आधीच सांगा की मला माझ्या गतीने करायचंय. नकार दिला तर दुसरे प्रशिक्षक शोधा, मालवण-तारकर्लीत कमी नाहीत.

ठसका लागला तर रेग्युलेटर काढायचं नाही. ते हाताने तोंडाशी धरून त्यातूनच खोकायचं, खोकला आरपार बाहेर जातो. मग आवंढा गिळायचा. हे मी कडक शब्दांत सांगतोय कारण छातीभर पाण्यात तुम्ही उभ्या राहिलात, समुद्रात उभं राहता येत नाही. १० मीटरवर दाब पृष्ठभागाच्या दुप्पट असतो. तिथे सिलिंडरमधून घेतलेला श्वास कोंडून कोणी सुसाट वर आलं तर फुप्फुसातली हवा फुगत दुप्पट व्हायला बघते. दोन मीटरवरूनसुद्धा इजा होऊ शकते. आपल्याकडे पर्यटकांना जे डाइव्हिंग करवतात त्यात गाइडने मागून तुमचा सिलिंडर धरलेला असतो, मास्कची काळजी तोच वाहतो. (तिथे लोक खुशीत अंगठा दाखवतात आणि गाइड त्यांना वर आणतो, कारण पाण्याखाली अंगठा म्हणजे ‘वर चला’. मग पैसे परत मागतात.) तुमचा कोर्स झाला की तुम्ही जोडीदारासोबत १८ मीटरपर्यंत जायला मोकळ्या. तिथे दुसऱ्याच्या पायातल्या फिनचा फटका बसून मास्क सरकणं ही रोजची गोष्ट आहे. म्हणूनच कोर्समध्ये मास्क काढून मिनिटभर श्वास घ्यायलाही लावतात. तो तुमचा पुढचा धडा आहे. घंगाळात तो तुमचा आधीच झालेला असेल.

खारं पाणी झोंबतं का? थोडं. जलनेती कोमट मिठाच्या पाण्याने करतात, कारण रक्ताइतकं, म्हणजे लिटरमागे ९ ग्रॅम मीठ असलं की नाकाला ते परकं वाटत नाही. समुद्रात लिटरमागे साधारण ३५ ग्रॅम मीठ असतं, त्यामुळे चुरचुरतं. पण बिनमिठाचं पाणीही झोंबतंच, आणि पोहण्याच्या तलावात वर क्लोरिन. मला विचाराल तर समुद्र बरा. सर्दी असताना मात्र उतरू नका, कानांतला दाब मोकळा होत नाही. आणि सुरुवातीला जो आरोग्याचा फॉर्म देतात तो खरा भरा. दमा लपवणारे मी पाहिलेत.

लेन्स चालतात. मास्क पूर्ण भरायचा किंवा काढायचा असेल तेव्हा डोळे मिटून घ्या, नाहीतर लेन्स माशांना. रोज टाकून द्यायच्या मऊ लेन्स असतील तर बरं, पण डोळ्यांच्या डॉक्टरांना एकदा विचारा. नंबरच्या काचांचे मास्कही मिळतात. आणि उतरण्याआधी मास्क पट्टा न लावता चेहऱ्यावर ठेवून नाकाने हवा ओढा. हात सोडला तरी चिकटून राहिला तर तो तुमचा. कडेखाली केसाची एक बट अडकली तरी पाणी झिरपत राहतं. कोर्सच्या दिवशी तुमचा मास्क मुळातच गळका होता का, हेही मला विचारायचंय.

नाद सोडू नका. दिवाळीत पावसाचा गाळ अजून पुरता बसलेला नसतो, कर्ली नदीच्या मुखाकडे तर नाहीच. डिसेंबर-जानेवारीत सिंधुदुर्ग किल्ल्यामागचं पाणी निवळतं. तोवर घंगाळ आहे.

प्रश्न : देवगडहून लिहितोय. मला भरघोस मिशी आहे आणि मास्क सतत गळतो. भादरावी लागेल का?

उत्तर : पूर्ण नको. नाकाच्या लगेच खाली, जिथे सिलिकॉनची कड टेकते, तिथे सुतळीएवढी पट्टी वस्तऱ्याने साफ करा. बाकी मिशी तशीच राहू द्या, समोरून कळतही नाही. काही जण व्हॅसलीन फासतात. भाड्याच्या मास्कला ते लावू नका, वाळू चिकटून बसते आणि पुढच्या माणसाच्या शिव्या खाव्या लागतात.

मी ती पट्टीही काढत नाही, आळस. माझ्या मास्कच्या तळाशी कायम चमचाभर पाणी डुचमळत असतं आणि दर थोड्या वेळाने मी म्म्म करून ते काढतो. किती वेळा ते मोजलेलं नाही. चिपळूणच्या ताईंनी हे उत्तरही वाचावं.