कॅल्शियम स्कोअर १४० आला, सायकल सोडू का?

भाऊ, तुम्ही लिहिलंय ते असं: वय ५१, कित्येक वर्षं लांब पल्ल्याची सायकल, दर रविवारी धुळ्याहून लळिंगचा चढ, त्रास काहीच नाही. हेल्थ पॅकेजात सीटी केला तर कॅल्शियम स्कोअर, म्हणजे हृदयवाहिन्यांत साचलेल्या कॅल्शियमचं माप, १४०. वहिनी म्हणतात, सायकल विका.

विकू नका. पण रिपोर्ट कपाटातही टाकू नका.

वर्षानुवर्षं दमसासाचे खेळ खेळणाऱ्या पुरुषांच्या हृदयवाहिन्यांत कॅल्शियम जास्त सापडतं, हे २०१७ मध्ये ब्रिटिश आणि डच अभ्यासांत दिसलं. त्यांच्या वाहिन्यांच्या भिंतीत साचलेले थर मुख्यतः कडक कॅल्शियमचे होते, आणि फुटून गुठळी होण्याची भीती मऊ थरांना जास्त. आम्ही सायकलवाले लगेच निवांत! मग २०२३ ला बेल्जियममधला 'मास्टर ॲट हार्ट' अभ्यास आला. त्यात आयुष्यभर खेळणाऱ्यांत मऊ थरही निरोगी पण कमी खेळणाऱ्यांपेक्षा जास्तच निघाले. तेव्हा ग्रुपवर फिरणारं 'आपलं कॅल्शियम चांगलं असतं' हे मनावर घेऊ नका. दिलासा एवढाच की टेक्सासमधल्या कूपर क्लिनिकच्या २०१९ च्या अभ्यासात भरपूर व्यायाम करणाऱ्या पुरुषांत कॅल्शियम जास्त असूनही मृत्यू वाढलेले नव्हते.

स्कोअर १०० च्या वर गेला की डॉक्टर सहसा स्टॅटिनचं, म्हणजे कोलेस्टेरॉल कमी करणाऱ्या गोळीचं, बोलतात. सायकल चालवतो म्हणून त्यातून सूट नाही, आणि राइडनंतरच्या शेवभाजीच्या तर्रीलाही नाही. स्टॅटिनने थर कडक होतात, स्कोअर उलट वाढू शकतो. म्हणून दरवर्षी सीटी करत बसू नका. एलडीएल (वाईट कोलेस्टेरॉल) आणि बीपी बघा.

मला जास्त काळजी ठोक्यांची वाटते. स्वीडनच्या ९० किलोमीटरच्या वासालोपेट स्की शर्यतीत ज्यांनी जास्त वेळा भाग घेतला, जे जास्त वेगात धावले, त्यांच्यात ठोके बिघडण्याचं प्रमाण जास्त होतं. हृदयाचा वरचा कप्पा ताणला जातो, एट्रियल फिब्रिलेशन (त्या कप्प्याची अनियमित थरथर) सुरू होतं, त्यातून गुठळी मेंदूत जाऊ शकते. छातीत फडफड, वेडीवाकडी नाडी, किंवा नेहमीच्या चढाला एकाएकी दम लागला, तर 'ऊन लागलं असेल' म्हणून सोडून देऊ नका. मे महिन्यात आपल्याकडे सगळंच उन्हावर ढकलायची सवय आहे.

डॉक्टरांची तपासणी होईपर्यंत शर्यत नको, आरामात चालवा, आणि तेही डॉक्टरांना विचारून. स्ट्रेस टेस्ट (ट्रेडमिलवर पळवून ईसीजी) सांगितली तर आधीच सांगून ठेवा, की वयानुसार काढलेल्या कमाल हार्ट रेटच्या ८५ टक्क्यांना मशीन बंद करू नका, पूर्ण दमेपर्यंत पळवा. सराव असलेल्या माणसाचा दोष कधी कधी त्यापुढेच दिसतो.