वाचकांचे प्रश्न : जुनी होडी घेताना

वेंगुर्ल्याहून एक वाचक : आजवर दुसऱ्याच्या होडीवर गिलनेटला (मासा कल्ल्यात अडकतो त्या जाळ्याच्या मासेमारीला) जात आलो. आता स्वतःची घ्यायची आहे. २४ फुटी जुनी फायबर होडी पाहिली, सोबत ९.९ अश्वशक्तीचं आऊटबोर्ड, म्हणजे मागे बाहेरून लावायचं इंजिन आहे. मालक म्हणतो, जूनमध्ये या. तेव्हा घ्यावी की हंगाम सुरू झाल्यावर?

बघायला जूनमध्येच जा, पण सगळे पैसे तेव्हा मोजू नका. १ जून ते ३१ जुलै मासेमारीला बंदी असते, होडी वर ओढलेली असते आणि तळ उघडा मिळतो. एरवी तो कोण दाखवतो? मात्र पहिल्या आठवड्यातच जा. एकदा होडी शाकारली की ताडपत्रीखाली काही दिसत नाही आणि जुलैअखेर रंग चढला की भेगा झाकल्या जातात. विकायच्या होडीच्या तळाला एकाच ठिकाणी ताजा रंग दिसला तर तिथेच आधी हात लावा.

बंदीत अडचण इंजिनाची. ते जमिनीवर सुरू करून दाखवतील, पण ओझं घेऊन पळतं का ते समुद्रातच कळतं. म्हणून जूनमध्ये विसार द्या आणि विसारपावतीवर स्पष्ट लिहून घ्या : उरलेली रक्कम ऑगस्टमध्ये समुद्रात चाचणी झाल्यावर आणि नावावर चढवण्याच्या कागदांवर सह्या झाल्यावर. या अटीला जो मालक तयार नाही, त्याची होडी घेण्याची घाई करू नये.

तळ बघताना आधी होडी रिकामी करून घ्या : जाळी, बर्फाची पेटी, पायाखालच्या फळ्या, सगळं बाहेर. मग नाण्याने किंवा प्लॅस्टिकच्या हातोडीने दर चार-सहा इंचांवर टकटक करत नाळेपासून, म्हणजे पुढच्या टोकापासून, मागेपर्यंत जा. चांगल्या फायबरचा आवाज टणक येतो. भदभद आवाज आला तर थर सुटलेत किंवा आत पाणी शिरलंय, तिथे खडूने खूण करा. शेवटी खुणा मोजल्या की भावाचं बोलणं सोपं जातं. वरच्या थरावर एखादी चांदणीसारखी बारीक चीर असेल तर ती बहुधा आपटल्याची असते, घासून आत बघावं. पण आतल्या आडव्या पट्ट्यांच्या रेषेत समांतर भेगा असतील तर सांगाडा तिथे वाकतोय. ते काम मोठं.

सगळ्यात जास्त वेळ मागच्या फळीला द्या, म्हणजे इंजिन जिथे बसतं त्या ट्रान्समला. बहुतेक फायबर होड्यांत तिच्या पोटात प्लायवुड असतं. इंजिनाच्या बोल्टची भोकं नीट बंद केलेली नसली की पाणी आत झिरपतं आणि बाहेरून फायबर साबूत दिसत असताना आतला प्लाय कुजून भुसा होतो. इंजिन लावलेलं असताना त्याचा खालचा भाग धरून मागे-पुढे जोरात हलवा. फळी लवली, भेग उघडली किंवा बोल्टाभोवती तपकिरी पाणी आलं, तर फळी नव्याने बांधावी लागणार. तो खर्च किमतीतून वजा करा, नाहीतर सोडा.

गळती शोधायची सोपी युक्ती : होडी टेकूंवर असताना आत चार-पाच बादल्या पाणी ओता आणि तासभर बाहेरून बघत राहा. आत ओतलेलं पाणी चिरेतून बाहेर घाम फुटल्यासारखं येतं. याहून जास्त पाणी नको, टेकूंवर नसता भार येतो. तळाला बंद कप्पे असतील तर त्यांची बुचं उघडा. आतून पाणी आलं तर तरंगण्यासाठी भरलेला फोम भिजलेला असू शकतो, आणि ते वजन होडी कायम वाहते.

त्याच वाचकाचा दुसरा प्रश्न : आऊटबोर्ड तपासायचं कसं?

इंजिन आदल्या रात्रीपासून उभं आणि थंड असायला हवं. मालकाने तुम्ही पोचण्याआधी गरम करून ठेवलं असेल तर दुसऱ्या दिवशी या. सुरू करण्याआधी गिअरच्या खालच्या स्क्रूखाली वाटी धरा आणि स्क्रू थोडा सैल करा. तेलापेक्षा जड असल्याने पाणी तळाशी बसतं, त्यामुळे आधी पाणी आलं किंवा तेल दुधाळ दिसलं तर शाफ्टची सील गेली आहे. मग इंजिनातले सगळे सिलिंडर कॉम्प्रेशन गेजने (आतला दाब मोजणाऱ्या मीटरने) तपासा. त्यांच्यात दहा टक्क्यांहून जास्त फरक पडला तर विश्वास ठेवू नका. सुरू झाल्यावर मागून पाण्याची बारीक धार एकसारखी यायला हवी. धार मंद असेल तर आतला रबरी इम्पेलर (पाणी खेचणारं चाक) झिजला असेल किंवा मिठाने वाटा बुजल्या असतील. पहिलं काम स्वस्त, दुसरं किचकट. झाकण काढून बघा : जागोजाग पांढरं मीठ आणि गंजलेले बोल्ट दिसले तर इंजिन कधीतरी बुडालेलं असू शकतं.

शाफ्टची लांबी होडीच्या फळीला जुळते का तेही मोजा. साधारण १५ आणि २० इंच अशा दोन लांब्या येतात. पंख्यावरची सपाट पट्टी तळाच्या पातळीला यावी, फार वर राहिली तर पंखा हवा खातो.

हर्णैहून : लाकडी होडी स्वस्त मिळतेय. घ्यावी का?

दुरुस्त करणारा सुतार गावात आहे का, हा पहिला प्रश्न. असेल तर टोचणीने कण्याजवळ, पाण्याच्या रेषेला आणि इंजिनाच्या बैठकीखाली टोचून बघा. कुजण्याचं मूळ बहुधा खारं पाणी नसतं, होडीत साचून राहिलेलं पावसाचं गोडं पाणी असतं. पोखरणाऱ्या किड्याचं बाहेरचं भोक टाचणीच्या टोकाएवढं, आत बोगदा बोटाएवढा, म्हणून वरून फळी शाबूत वाटते. वाळलेल्या होडीत उतरवल्यावर दोन-एक दिवस पाणी येणं स्वाभाविक, लाकूड फुगलं की सांधे मिटतात. त्यानंतरही पाणी येत राहिलं तर कलापती, म्हणजे फळ्यांचे सांधे भरून बुजवण्याचं काम, नव्याने करावी लागणार. लाकडावर फायबर चढवलेली होडी मात्र आम्ही घेऊ नका म्हणतो. आत अडकलेली ओल लाकूड खात राहते आणि ती दिसत नाही.

श्रीवर्धनहून : कागदपत्रांत काय बघायचं?

नोंदणी दाखल्यावरचा क्रमांक होडीवर रंगवलेल्या क्रमांकाशी, आणि इंजिनाचा क्रमांक त्याच्या प्लेटशी स्वतः वाचून जुळवा. नोंदणी आणि मासेमारीचा परवाना या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. परवाना १९८१ च्या महाराष्ट्र सागरी मासेमारी नियमन कायद्याखाली मिळतो आणि त्यात जाळ्याचा प्रकार लिहिलेला असतो. गिलनेटच्या परवान्यावर ट्रॉल (होडीमागे ओढायचं जाळं) ओढता येणार नाही. होडीवर बँकेचं किंवा एनसीडीसीचं (राष्ट्रीय सहकार विकास निगमाचं) कर्ज नाही ना, मच्छीमार सोसायटीची थकबाकी नाही ना, दंडाचं प्रकरण बाकी नाही ना, हे कर्ज देणारे, सोसायटी आणि मत्स्यव्यवसाय कार्यालय या तिघांकडून लेखी घ्या. तोंडी ‘सगळं क्लिअर आहे’ चालणार नाही. नाव बदलण्याचा अर्ज रिअलक्राफ्ट या ऑनलाइन प्रणालीवर होतो, त्यासाठी मत्स्यव्यवसाय कार्यालयात एक चक्कर आधीच मारा. डिझेलची होडी असेल तर डिझेलवरच्या कराचा परतावा तुमच्या नावाने सोसायटीमार्फत सुरू होईपर्यंत हाती येत नाही, हिशेब करताना तो धरू नका.

मालवणहून : फायबरच्या छोट्या चिरा पावसातच बुजवून घेऊ का?

थांबा. ओल्या फायबरला रेझिन (चिरा भरायचा चिकट द्रव) धरत नाही, आणि दमट हवेत सांधा नीट घट्ट होत नाही. काम करताना कोबाल्ट (रेझिन लवकर घट्ट होण्यासाठीचं द्रावण) आणि हार्डनर (रेझिन घट्ट करणारं रसायन) एकत्र कधीही मिसळू नका, स्फोट होतो. आधी रेझिनमध्ये कोबाल्ट ढवळा, मग अगदी शेवटी हार्डनर.