सत्ता बदलली, आता हप्ता कुणाला?

प्रश्न : मेक्सिकोत एकाच पक्षाचं राज्य होतं तेव्हा ड्रगच्या टोळ्या वचकून असत म्हणे. मग ते राज्य बरं नव्हतं का?

टोळ्या वचकून नव्हत्या, त्यांना सांभाळून घेतलं जात होतं. पीआरआय हा पक्ष १९२९ ते २००० सलग सत्तेत होता. एखाद्या भागातून माल नेण्याची मुभा, तिकडच्या भाषेत 'प्लासा', हप्ता पोहोचवून मिळे. डीएफएस या गुप्तचर पोलीस खात्याची ओळखपत्रं तस्कर खिशात घेऊन फिरत. नाक्यावर दाखवली की गाडी सुटे. १९८५ मध्ये अमेरिकेचे अमली पदार्थविरोधी अधिकारी किकी कामारेना यांचा छळ करून खून झाला आणि गवगवा झाल्यावर ते खातं गुंडाळावं लागलं. ही शांतता कुणाच्या सोयीची होती ते उघड आहे.

प्रश्न : मग सत्तांतरानंतर रक्तपात का वाढला?

कारण मांडवली मोडली. १९८९ मध्ये बाहा कॅलिफोर्नियात विरोधी पक्षाचा पहिला गव्हर्नर निवडून आला, पुढे इतर राज्यांतही आले. राज्याचे पोलीस एका टोळीच्या खिशात, केंद्राचे दुसऱ्या, असंही होऊ लागलं. पैसे मोजूनही संरक्षणाची हमी उरेना, तेव्हा टोळ्यांनी स्वतःच्या फौजा उभ्या केल्या. 'सेतास' या टोळीचे पहिले लोक तर लष्करातून पळालेले सैनिक! डिसेंबर २००६ मध्ये अध्यक्ष काल्देरॉन यांनी मिचोआकान राज्यात लष्कर उतरवलं. म्होरके टिपले गेले, टोळ्या फुटल्या, वारसदार एकमेकांवर उठले. २००७ ते २०११ या काळात देशातल्या खुनांचा वार्षिक आकडा तिप्पट झाला. अमेरिकेतून येणाऱ्या बंदुकांचाही यात वाटा आहे; सगळं खापर निवडणुकांवर फोडू नये.

प्रश्न : वरच्या जागी स्वच्छ, कडक माणूस नेमला तर?

कडक माणसं नेमून झाली. अमली पदार्थविरोधी मोहिमेचे प्रमुख जनरल गुतिएरेस रेबोयो फेब्रुवारी १९९७ मध्ये पकडले गेले. पगारात न बसणाऱ्या आलिशान फ्लॅटमुळे संशय आला होता, आणि ते हुआरेस टोळीच्या म्होरक्याला मदत करत होते. म्हणजे प्रतिस्पर्धी टोळ्यांवरचे छापे खरेच, पण गिऱ्हाइकाच्या सोयीने! काल्देरॉन यांचे सुरक्षामंत्री गार्सिया लुना यांना सिनालोआ टोळीकडून लाच घेतल्याबद्दल २०२३ मध्ये न्यूयॉर्कच्या ज्यूरीने दोषी ठरवलं. म्हणून छाप्यांचा आकडा मला फारसं काही सांगत नाही. कोणत्या टोळीवर छापे पडत नाहीत, ते आधी बघावं.

प्रश्न : ड्रग कायदेशीर केले तर टोळ्या संपतील?

गांजापुरता फटका बसेल. पण मिचोआकानमध्ये अॅव्होकॅडो आणि लिंबाच्या बागायतदारांकडून खंडणी वसूल होते, आणि ही पिकं कधीच बेकायदा नव्हती.