किल्ली देण्याआधी रॅक काढा

कळंबोलीच्या लोखंड बाजारातील एका पाइप व्यापाऱ्यांचा प्रश्न आहे. भाड्याच्या गोदामात सहा मीटरचे पाइप ठेवण्यासाठी त्यांनी स्वखर्चाने कँटिलिव्हर रॅक (खांबातून बाहेर निघालेल्या हातांवर माल ठेवायचे रॅक) उभे केले आणि कोब्याला बोल्टने जखडले. आता जागा सोडायची आहे. मालक म्हणतात, जमिनीला पक्के केलेले सारे माझे, करारातले कलम 14 वाचा. डिपॉझिट हवे असेल तर महिनाअखेरीस ताबा पावतीवर सही करून किल्ल्या द्या, रॅकचे मागाहून बघू. वाचक यासाठी तयार आहेत. एक किल्ली तर त्यांनी रखवालदाराकडे देऊनही ठेवली आहे.

शीतगृहाची यंत्रणा, पिठाच्या गिरणीची मोटर, हॉटेलची धुरांडी, असे प्रश्न माझ्याकडे सतत येतात. वस्तू बदलते, घाई तीच असते.

साहेब, त्या पावतीवर सही करू नका. तुमचे सारे प्रकरण या एका सहीवर उभे आहे. मालमत्ता हस्तांतरण अधिनियम, 1882 च्या कलम 108 मधील खंड (एच) सांगतो की भाडेकरूने जमिनीला जोडलेल्या वस्तू तो भाडेपट्टा संपल्यावरही काढून नेऊ शकतो, पण जागा त्याच्या ताब्यात असेपर्यंतच. त्यानंतर नाही. मुदत संपली म्हणून हक्क जात नाही, ताबा गेला की जातो. मालकांना हे ठाऊक आहे की नाही, मी सांगू शकत नाही. पण ते मागत आहेत ती नेमकी हीच गोष्ट आहे.

तुमचा कागद लिव्ह अँड लायसन्सचा, म्हणजे जागा वापरण्याच्या परवान्याचा आहे, त्यामुळे तुम्ही भाडेकरूच नाही, असा मुद्दा निघेल. निघू द्या. परवानाधारकासाठी भारतीय सुविधाधिकार अधिनियमाचे कलम 63 आहे. परवाना रद्द झाल्यावर जागा सोडायला आणि ठेवू दिलेला माल न्यायला वाजवी मुदत मिळते. मात्र 'वाजवी' म्हणजे किती दिवस, आणि बोल्टने जखडलेला रॅक हा 'माल' आहे का, यावर वाद घालता येतो. म्हणून कोणत्याही वाटेने गेलात तरी रॅक आधी आणि किल्ली नंतर.

आता कलम 14. 'परवानाधारकाने केलेले कायमस्वरूपी बांधकाम व पक्की जोडणी मुदतीअंती मालकाची राहील.' कलम 108 हे विरुद्ध करार नसेल तेव्हाच चालते, म्हणून हे वाक्य दुर्लक्षून चालणार नाही. तुम्ही लिहिता की सही करताना ते वाचलेच नव्हते. लाखो रुपयांचे रॅक बसवणाऱ्या माणसाने दोन पानांचा करार वाचू नये, याचा मला खरोखर राग येतो. पण वाक्य तुम्हाला वाटते तितके घातक नाही. सारा प्रश्न 'पक्की जोडणी' या दोन शब्दांचा आहे, आणि त्याचे उत्तर रॅकच्या रचनेतच आहे.

दोन इंची, मध्यम जाडीचा सहा मीटरचा पाइप साधारण 30 किलोचा असतो. असे 50 पाइप एका थरावर म्हणजे दीड टन. जमिनीवर थप्पी लावली तर गोल पाइप बाजूला रेटतात, अडवणीचा एक ठोकळा सरकला की ढीग घरंगळतो, आणि खालचा माल हवा असेल तर वरचा सगळा उपसावा लागतो. म्हणून खांबाला बाहेर निघालेले हात असलेला रॅक वापरतात: समोर खांब आडवा येत नाही, लांब पाइप बाजूने आत-बाहेर करता येतो, आणि जागेची उंची कामी येते. पण एकाच बाजूला हात असलेल्या रॅकमध्ये सारे वजन खांबाच्या पुढे पडते. रॅक पुढे कलंडू नये म्हणून पायाला अँकर बोल्ट मारतात.

म्हणजे बोल्ट रॅक स्थिर राहावा म्हणून आहेत, गोदामाच्या कोब्याला त्यांचा काही उपयोग नाही. कायदा हेच विचारतो. जोडणी जागेच्या कायमच्या फायद्यासाठी की वस्तूच्या वापरासाठी? 2010 मध्ये सॉलिड अँड करेक्ट इंजिनिअरिंग वर्क्सच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने म्हटले की डांबर मिश्रणाचा प्लांट हलू नये म्हणून दीड फूट खोल पायाला बोल्टने बसवला, एवढ्याने तो स्थावर होत नाही. तो निकाल उत्पादन शुल्काचा होता आणि खताच्या कारखान्याच्या यंत्रांबाबत त्याच न्यायालयाने उलट मतही दिले आहे, म्हणून खात्री देत नाही. पण नट-बोल्ट सोडून दुसरीकडे तसाच उभा करता येणारा रॅक आपल्या बाजूचा पुरावा आहे. रॅकचे बिल, ताळेबंदातली घसाऱ्याची नोंद आणि विमा काढताना दाखवलेली यादी शोधून ठेवा. जीएसटीचे क्रेडिट कोणत्या आधारावर घेतले, ते सीएंना विचारा. तिथे रॅक स्थावर आणि इथे हलवता येणारा, असे म्हटलेले नको.

तुमच्या मित्राने सुचवलेली युक्ती मात्र ताबडतोब विसरा. सुविधाधिकार अधिनियमाच्या कलम 60 प्रमाणे परवान्याच्या भरवशावर कायमस्वरूपी बांधकाम केले की परवाना रद्द होत नाही, म्हणून रॅक कायमस्वरूपी असल्याचे नोटिशीत लिहा, असे तो म्हणतो. हे एक वाक्य लिहिलेत की कलम 14 खाली रॅक तुम्ही स्वतःच्या हाताने मालकांना दिलात.

करार सात महिन्यांपूर्वी संपला आणि पुढे सारे तोंडी चालू आहे, हा दुसरा निष्काळजीपणा. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, 1999 च्या कलम 55 नुसार करार लेखी आणि नोंदणीकृत करण्याची जबाबदारी मालकाची असते, आणि तो नसेल तर अटींबाबत तुमचे म्हणणे ग्राह्य धरले जाते, उलट सिद्ध होईपर्यंत. याचा आधार मिळू शकेल. तुमची कंपनी एक कोटी किंवा त्याहून अधिक भरणा भांडवलाची असेल, किंवा गोदाम या कायद्याच्या क्षेत्राबाहेर असेल, तर नाही.

किल्ली देऊन मग दावा लावू, हा विचार का नको तेही सांगतो. तीन लाखांवरचा असा वाद बहुधा वाणिज्य न्यायालयात जाईल. तिथे दाव्याआधी मध्यस्थी सक्तीची आहे, 2022 च्या पाटील ऑटोमेशन निकालाने ते पक्के झाले. मध्यस्थीचे तीन महिने, संमतीने आणखी दोन, आणि पुढे तारखा. तेवढ्या काळात तुमच्या रॅकवर दुसऱ्याचे पाइप असतील. न्यायालये इतकी संथ आहेत की हातातला ताबा सोडून हक्क मागायला जाणे व्यापाऱ्याला परवडतच नाही. मालकांनी आज कुलूप लावले तर गोष्ट वेगळी. तातडीचा अंतरिम मनाई आदेश मागायचा असेल तर मध्यस्थीची अट आड येत नाही. त्या दिवशी लगेच वकील गाठा.

रखवालदाराकडची किल्ली आज परत घ्या आणि ती फक्त सोयीसाठी दिली होती, ताबा माझ्याकडेच आहे, असे मालकांना ई-मेलने कळवा. त्याच पत्रात रॅक काढण्याची तारीख द्या. काम दिवसा करा. पाइप वरच्या थरापासून उतरवा, भरलेल्या रॅकचा एकही बोल्ट सोडू नका. मग हायड्रा क्रेन लावून खांब उतरवा. डिलिव्हरी चलन, लागू असेल तर ई-वे बिल आणि वजनकाट्याची पावती जवळ असू द्या, म्हणजे चोरीच्या तक्रारीला उत्तर राहील. खंड (एच) ची अटही आहे: जागा मिळाली होती तशी परत द्यायची. म्हणून बोल्ट कोब्याच्या पातळीत कापा, भोके ग्राउटने (सिमेंटच्या पातळ मिश्रणाने) भरा, आधीचे आणि नंतरचे फोटो घ्या.

डिपॉझिटची काळजी वेगळी ठेवा. त्या वसुलीसाठी मुदतीच्या कायद्याने तुम्हाला तीन वर्षे आहेत, रॅकसाठी महिनाअखेर. मालक कोब्याच्या नुकसानीपोटी काही कापतील, ती रक्कम योग्य आहे की नाही हे फोटो पाहिल्याशिवाय सांगता येणार नाही. रॅक ट्रकवर चढल्यावर ताबा पावती करा. तिच्यात 'परवानाधारकाचे सर्व रॅक व माल हलवला असून डिपॉझिटची रक्कम येणे बाकी आहे' ही ओळ स्वतः लिहा, मालकांची सही घ्या आणि मगच दुसरी किल्ली द्या.