कथांचा साठा, ई-रीडर आणि भिशीचे वीस हजार

साताऱ्याहून एका ताईंचा प्रश्न आलाय. त्या पतसंस्थेत नोकरी करतात, हातात ३६,००० रुपये पडतात. वर्षानुवर्षं जमवलेल्या मराठी कथांच्या सुमारे १,४०० फायली त्यांच्या लॅपटॉपवर आहेत. त्यात दिवाळी अंकांतली स्कॅन केलेली पानं आहेत, संकेतस्थळांवरून वर्डमध्ये उतरवून घेतलेल्या कथा आहेत आणि थोड्या ईपब (ई-पुस्तकाच्या) फायलीही आहेत. मोबाइलवर वाचून डोळे चुरचुरतात, म्हणून ई-रीडर, म्हणजे फक्त ई-पुस्तकं वाचायचं यंत्र, घ्यायचाय. एक पर्याय ॲमेझॉनच्या सात इंची किंडल पेपरव्हाइटचा, साधारण १७,००० रुपये, बारा महिन्यांच्या ‘नो कॉस्ट’ हप्त्यावर. दुसरा बाहेरून मागवलेल्या १०.३ इंची अँड्रॉइड ई-रीडरचा. त्याचा भाव त्यांना ४२,००० सांगितलाय. त्या विचारतात, “हप्ता झेपतो, पुस्तकांचा खर्चही वाचेल. घेऊ का?”

ताई, घ्या. पण आत्ता नको, हप्त्यावर नको आणि ४२ हजारांचं तर नकोच.

आधी तुमचा ‘खर्च वाचेल’ हा मुद्दा बाजूला ठेवू, कारण तो खरा नाही. तुमच्याकडच्या कथा तुम्हाला फुकटच मिळाल्यात. यंत्र आल्यानं त्या आणखी स्वस्त होणार नाहीत. उलट यंत्रात दुकान असतं, आणि रात्री अकरा वाजता एका बोटानं पुस्तक विकत घेता येतं. महिन्याला दीड-दोनशे रुपयांची वाचन-वर्गणीही समोर येईल. शिवाय छापील पुस्तकावर जीएसटी नाही. ई-पुस्तकावर मात्र त्याची छापील आवृत्ती असेल तर ५ टक्के आणि नसेल तर १८ टक्के लागतो. तेव्हा हा खर्च हौसेचा आहे असं सरळ म्हणा. १७,००० भागिले पाच वर्षं, म्हणजे महिन्याला २८३ रुपये. रोज वाचणाऱ्या माणसासाठी ही हौस मुळीच महाग नाही, तिला बचतीचं सोंग द्यायची गरज नाही.

आता हप्ता. ‘नो कॉस्ट’मध्ये बँक व्याज लावतेच, विक्रेता तेवढी सूट आधी देतो. पण त्या व्याजावरचा १८ टक्के जीएसटी तुमच्याच खिशातून जातो, वर प्रक्रिया शुल्क. १५ टक्के व्याजदर धरला तर १७,००० च्या खरेदीत व्याज साधारण १,३०० रुपये, त्यावर कर २३५, आणि शुल्क दोनशेच्या आसपास असेल तर एकूण फटका पाचशेच्या आत. म्हणजे लुबाडणूक वगैरे काही नाही. रोखीनं घेणाऱ्याला एखादी वेगळी सूट असेल तर ती हुकते, इतकंच.

माझी हरकत वेगळी आहे. तुम्ही पाठवलेल्या आकड्यांत घराचा हप्ता ९,५००, मोबाइलचा १,६५० (अजून पाच बाकी), घरखर्च आणि मुलीचा क्लास मिळून १७,०००, आरडी २,००० आणि भिशी २,००० आहे. उरतात ३,८५०. त्यात १,४१७ चा हप्ता बसतो, हे खरं. पण अडीनडीसाठी बचत खात्यात फक्त ४०,००० आहेत आणि घराचा न टळणारा खर्च महिन्याला २८,१५०. दीड महिनाही पुरणार नाही. अशा घरात एक हप्ता संपायच्या आत दुसरा सुरू झाला की शिल्लक कायमची आटते. मोबाइलचा हप्ता संपला की ते १,६५० रुपये दरमहा या गंगाजळीत जाऊ द्या, नव्या यंत्राकडे नाही.

मग पैसे कुठून? तुमच्याच पत्रात शेवटी ओझरतं आलंय: दहा जणींची भिशी, ऑक्टोबरात तुमचा नंबर, २०,००० येणार आणि त्यातून सोफ्याची कव्हरं व गाद्या बदलायच्या. गाद्या थांबतील. (घरात यावर चर्चा होईल, ती तुम्ही बघा.) १७,००० यंत्राला, हजारभर यंत्राच्या चांगल्या कव्हरला, उरलेले बचत खात्यात. कव्हरला कंजुषी नको. ई-इंकचा, म्हणजे कागदासारखा दिसणारा, पडदा नाजूक असतो, तडा गेला तर तो वॉरंटीत बसत नाही आणि दुरुस्ती सहसा परवडत नाही.

ऑक्टोबरपर्यंतचा वेळ वाया जाणार नाही, कारण खरं काम यंत्राआधीच आहे. कॅलिबर हा फुकट प्रोग्राम लॅपटॉपवर घ्या. कोविद गोयल यांनी २००६ साली सुरू केलेला हा प्रोग्राम आजही ई-पुस्तकं लावून ठेवायला सर्वांत भरवशाचा आहे. सगळ्या फायली त्यात ओता आणि लेखक, वर्ष, अंक अशा खुणा लावा. एकाच लेखकाच्या नावातल्या आद्याक्षरांमध्ये कधी जागा सोडलेली, कधी नाही; त्यामुळे एकाचे तीन लेखक दिसतील. ते निस्तरायला कंटाळा येईल, पण एकदाच. मग वर्डच्या फायलीही ईपबमध्ये बदलून, ‘ईपबमर्ज’ हे प्लगइन (कॅलिबरला जोडायचा छोटा प्रोग्राम) वापरून एका लेखकाच्या किंवा एका वर्षाच्या कथांचं अनुक्रमणिकेसह एकच पुस्तक करा. हे महत्त्वाचं आहे. सुट्या शेकडो फायली किंडलवर टाकल्यात तर नुसती लांबलचक यादी होईल. कॅलिबरमध्ये लावलेले गट किंडलवर आपोआप येत नाहीत, तिथं हातानं पुन्हा करावे लागतात. कोबो या दुसऱ्या कंपनीच्या ई-रीडरवर ते कॅलिबरमधून थेट जातात आणि या एका कामात कोबो सरस आहे. पण बाहेरून मागवायचं म्हटलं की सीमाशुल्क आणि वॉरंटीचा घोळ आला. तुमच्या बजेटात मी तो धरणार नाही.

या साफसफाईत दोन प्रकारच्या फायली अडतील. पहिल्या, श्रीलिपीसारख्या जुन्या फॉन्टात टाइप केलेल्या. त्या पीडीएफमध्ये छान दिसतात, पण ईपब केलं की देवनागरीऐवजी रोमन अक्षरांची खिचडी निघते. आधी युनिकोडमध्ये (कुठल्याही यंत्रावर चालणाऱ्या देवनागरीत) बदलून घ्याव्या लागतात. दुसरी स्कॅन केलेली पानं. दिवाळी अंकाचं दोन रकान्यांचं पान सात इंचांवर वाचणं म्हणजे डोळ्यांना शिक्षाच. यंत्र आडवं धरून थोडं भागतं, पण तासभर नाही वाचवत. त्यातल्या खास आवडत्या कथा गूगल डॉक्समध्ये उघडून मजकूर काढून घेता येतो. मराठी बऱ्यापैकी ओळखतं, जोडाक्षरं तपासावी लागतात.

नेमकं याचसाठी तुम्हाला १०.३ इंची हवंसं वाटलं असणार. तुमचा अंदाज बरोबर आहे, स्कॅनसाठी मोठा पडदाच हवा. अँड्रॉइडमुळे किंडलवर न चालणारी मराठी पुस्तकविक्रेत्यांची ॲपही त्यावर घालता येतात. पण ४२,००० म्हणजे तुमची सगळी गंगाजळी आणि वर दोन हजार. मुलीचा जुना टॅबलेट घरात पडून आहे असं तुम्हीच लिहिलंय. स्कॅन त्यावर वाचा, ब्राइटनेस कमी करून, अर्धा तास. बाकीचं किंडलवर.

पैसे मोजण्याआधी एक चाचणी कराच. मोबाइलवर किंडलचं फुकट ॲप घ्या आणि ‘सेंड टू किंडल’ या ॲमेझॉनच्या सेवेनं स्वतःची पाच-सहा ईपब पुस्तकं पाठवा. २०२२ पासून ते ईपब घेतं, त्यामुळे वेगळं रूपांतर नको. जोडाक्षरं, परिच्छेद, अनुक्रमणिका नीट येतात का बघा. इथं जे बिघडलेलं दिसेल ते बहुधा यंत्रावरही बिघडलेलंच असेल.

मूळ फायली मात्र लॅपटॉपवर आणि एका वेगळ्या हार्ड डिस्कवर ठेवा. २००९ साली अमेरिकेत ॲमेझॉननं हक्कांच्या वादातून ग्राहकांनी विकत घेतलेल्या काही पुस्तकांच्या प्रती त्यांच्या किंडलवरून परस्पर काढून घेतल्या होत्या. पैसे परत दिले, तरी पुस्तक न विचारता गेलंच. २०२५ च्या फेब्रुवारीपासून तर विकत घेतलेलं पुस्तक संकेतस्थळावरून संगणकावर उतरवून यूएसबीनं किंडलवर टाकायची सोयही त्यांनी बंद केली. तुम्ही स्वतः घातलेल्या कथांची मूळ प्रत तुमच्याकडेच राहते, आणि तुमचा साठा जवळजवळ सगळा तसाच आहे.

ऑक्टोबरात सणाच्या सेलमध्ये भाव उतरला तर उत्तम. जुनं यंत्र मिळालं तर बॅटरी किती टिकते आणि आधीच्या मालकाचं खातं काढलंय का, हे बघूनच घ्या. आणि भिशीचा नंबर पुढं ढकलला गेला, तर खरेदीही तितकीच पुढं ढकला. बचत खात्यातल्या ४०,००० ना हात लावू नका.