1000 मायक्रोफॅरडचा कपॅसिटर मल्टिमीटरवर 940 आणि एलसीआर मीटरवर (इंडक्टन्स, कपॅसिटन्स, रेझिस्टन्स मोजणारा मीटर; 1 किलोहर्ट्झ, पॅरलल मोड) 705 दाखवतो. खरा आकडा कोणता?

दोन्ही खरे असू शकतात. एलसीआर मीटर 1 किलोहर्ट्झवर आणि पॅरलल मोडमध्ये होता असं तुम्हीच लिहिलंय, घोळ तिथेच आहे.

मुळात कुठलाही मीटर थेट मायक्रोफॅरड, म्हणजे चार्ज साठवायची क्षमता, मोजत नाही. तो व्होल्टेज, करंट आणि वेळ मोजतो, बाकी सगळं गणित. मल्टिमीटर रेझिस्टन्ससाठी ठरावीक डीसी करंट सोडतो आणि किती व्होल्टेज पडतं ते बघतो. कपॅसिटर लावला तर बहुतेक मल्टिमीटर तो चार्ज करतात आणि व्होल्टेज किती वेगाने चढतंय त्यावरून आकडा काढतात. मोठ्या कपॅसिटरला आकडा यायला वेळ लागतो तो यामुळेच.

एलसीआर मीटर मात्र साइन वेव्ह सोडतो. व्होल्टेज, करंट आणि त्या दोघांमधला फेजचा फरक, तिन्ही पकडतो. व्होल्टेज भागिले करंट म्हणजे इम्पिडन्स, एकूण अडथळा. व्होल्टेजचा जो भाग करंटबरोबर चालतो तो रेझिस्टन्सचा, जो 90 अंश मागे राहतो तो कपॅसिटन्सचा. इथपर्यंत मोजमाप. हे दोन भाग एकापुढे एक जोडलेत (सिरीज) की शेजारीशेजारी (पॅरलल), हे मीटरला कळत नाही. ते तुम्ही मोडचं बटण दाबून सांगता.

समजा, 1 किलोहर्ट्झला तुमचा कपॅसिटर 880 मायक्रोफॅरड आहे. अशा मोठ्या, इलेक्ट्रोलिटिक प्रकारच्या कपॅसिटरची कपॅसिटी फ्रिक्वेन्सी वाढली की थोडी उतरतेच. त्याचा रिॲक्टन्स, म्हणजे कपॅसिटन्सचा अडथळा, होतो जेमतेम 0.18 ओहम. ईएसआर, म्हणजे कपॅसिटरचा आतला सिरीज रेझिस्टन्स, 0.09 ओहम धरला, तर डी म्हणजे ईएसआर भागिले रिॲक्टन्स 0.5. पॅरलल मोडचा आकडा म्हणजे सिरीजचा आकडा भागिले (1 + डीचा वर्ग), म्हणजे 880 भागिले 1.25. आले ना 705 च्या आसपास? मीही एकदा असाच आकडा बघून चांगला कपॅसिटर कचऱ्यात टाकलाय.

तेव्हा 100 किंवा 120 हर्ट्झ आणि सिरीज मोड लावा. इलेक्ट्रोलिटिकचा छापील आकडा सहसा 120 हर्ट्झचाच असतो. आधी कपॅसिटर डिस्चार्ज करा, नाहीतर मीटरच जायचा. क्लिपा एकमेकींना जोडून शॉर्ट करेक्शनही करून घ्या. वायरचा 0.05 ओहमसुद्धा ईएसआरमध्ये मिसळतो, आणि इथे ईएसआरच 0.09 आहे. म्हणूनच चांगल्या मीटरला चार वायरी असतात: दोन करंट नेतात, दोन फक्त व्होल्टेज बघतात.

100 पिकोफॅरडसारख्या चिल्लर कपॅसिटरला मात्र सगळं उलट: पॅरलल मोड, 100 किलोहर्ट्झ आणि क्लिपा मोकळ्या ठेवून ओपन करेक्शन. तिथे वायरी नुसत्या हलवल्या तरी आकडा नाचतो.